खाण दिसते, कारागीर दिसत नाही : वैरागडच्या हिऱ्यांविषयीच्या लेखनाची चिकित्सा

प्रस्तावना

गडचिरोली जिल्ह्याच्या आरमोरी तालुक्यात, खोब्रागडी आणि सतनाला या नद्यांच्या परिसरात वैरागड हे गाव वसलेले आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी हे गाव चंद्रपूर, म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्यात मोडत असे. गावातील किल्ला, भंडारेश्वराचे मंदिर आणि भोवतालचे जंगल यांपेक्षा वैरागडची ख्याती इतिहासग्रंथांत टिकून राहिली ती हिऱ्यांच्या खाणीमुळे. कौटिल्याच्या टीकाकारांपासून ब्रिटिश गॅझेटियरपर्यंत सुमारे दीड हजार वर्षांच्या लेखनात या प्रदेशातील हिऱ्यांचे उल्लेख विखुरलेले आहेत.

हे सर्व लेखन एकत्र ठेवून वाचले असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. त्यात खाण आहे, खाणीचा धनी आहे, खंडणी आहे आणि क्वचित व्यापारीही आहे. परंतु हिरा मातीतून वेगळा काढणारा, पारखणारा, घासणारा माणूस त्यात जवळजवळ कोठेच नाही. ही उणीव सहसा दोन प्रकारे भरून काढली जाते. एक तर ती लक्षातच घेतली जात नाही. नाहीतर हिऱ्याचे गाव म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारे सुरतेच्या कारखान्याचे चित्र नकळत मागे नेऊन वैरागडवर बसविले जाते. या दोन्ही मार्गांनी वैरागडच्या कारागिरीचे खरे स्वरूप झाकले जाते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. येथील कौशल्य हिऱ्याला आकार देण्याचे नसून हिरा ओळखण्याचे असावे, आणि ज्या काळात ही खाण चालली त्या काळच्या भारतीय मूल्यकल्पनेत हेच कौशल्य श्रेष्ठ होते.

नावाचा पुरावा कितपत ग्राह्य?

वैरागड या नावाच्या दोन व्युत्पत्ती प्रचलित आहेत. स्थानिक परंपरा हे गाव द्वापरयुगातील वैरोचन राजाशी जोडते. भाषाशास्त्रीय व्युत्पत्ती मात्र ‘वज्राकर’ या शब्दाकडे नेते. संस्कृत ‘वज्र’चे प्राकृतात ‘वइर’ होते आणि ‘आकर’चे ‘आगर’ होते. मिठागर या शब्दातील आगर तोच. वज्राकर, वइरागर, वैरागर अशी ही साखळी सरळ आहे आणि शेवटी किल्ल्यामुळे ‘गर’चे ‘गड’ होणेही मराठीच्या स्वभावाला धरून आहे. त्यामुळे बहुतेक अभ्यासकांनी दुसरी व्युत्पत्ती स्वीकारली यात नवल नाही.

येथे एक सावधगिरी मात्र आवश्यक ठरते. ‘वज्राकर’ हे मुळात विशेषनाम नाही. हिऱ्याची खाण एवढाच त्याचा अर्थ. जुन्या मराठीत वैरागर आणि हिंदीत बैरागर हे शब्द खाणीसाठी सामान्यनाम म्हणून आढळतात. आंध्र प्रदेशातील अनंतपूर भागात वज्रकरूर नावाचे हिऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव आजही आहे. म्हणजे एखाद्या जुन्या लेखात ‘वज्राकर’ किंवा त्याचे अपभ्रष्ट रूप दिसले की ते गडचिरोलीतील वैरागडच, असे आपोआप सिद्ध होत नाही. प्रत्येक ठिकाणी संदर्भ तपासावा लागतो.

असा संदर्भ दोन शिलालेखांत चांगला जुळतो. रतनपूरच्या कलचुरी जाजल्लदेवाच्या १११४ मधील शिलालेखात त्याला कर देणाऱ्या मंडलांमध्ये वैरागराचे नाव येते. त्याच यादीत लांजिका म्हणजे आजचे लांजी हेही आहे. शेजारचा प्रदेश निश्चित असल्यामुळे ही ओळख पक्की मानता येते. म. म. वा. वि. मिराशी यांनी कलचुरी लेखांच्या आपल्या संग्रहात (१९५५) हा लेख संपादित केला आहे. दुसरा उल्लेख चोळ राजा पहिला कुलोत्तुंग याच्या सुरुवातीच्या लेखांत येतो. युवराज असताना त्याने वयिराकरम् येथे हत्तींचे कळप पकडले आणि शक्करकोट्टम् येथे खंडणी घेतली असे त्यांत म्हटले आहे. शक्करकोट्टम् म्हणजे बस्तरमधील चक्रकोट, तेव्हा वयिराकरम् हे वैरागडच असावे. तमिळमध्ये हिऱ्याला वयिरम् म्हणतात, म्हणजे चोळांच्या प्रशस्तिकाराला नावाचा अर्थ ठाऊक असणारच. तरीही त्याने नोंद केली ती हत्तींची. हिऱ्याच्या नावाचे गाव जिंकून हिऱ्याविषयी एक अक्षरही न लिहिणारा हा कवी वैरागडच्या अभ्यासकाला थोडा विचारात पाडतो. (हत्तींची नोंद मात्र खोटी वाटत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमार्गे रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत शिरला, तेव्हा ते एका जुन्या वाटेनेच आले असावेत असे वाटल्यावाचून राहत नाही.)

याहून जुन्या ग्रंथांत अनिश्चितता वाढते. कौटिलीय अर्थशास्त्राच्या रत्नपरीक्षेच्या प्रकरणात हिऱ्यांच्या उत्पत्तिस्थानांत ‘सभाराष्ट्र’ येते आणि टीकेत त्याचा अर्थ विदर्भ असा दिला जातो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वेणा नदीच्या तटावरील हिऱ्याला शुद्ध म्हटले आहे. ही वेणा म्हणजे वैनगंगा असे मानले तर वैरागडची परंपरा सहाव्या शतकापर्यंत मागे जाते. वाकाटकांच्या ताम्रपटांतील बेण्णाकट आणि नाशिकच्या लेखातील गौतमीपुत्राचे ‘बेनाकटकस्वामी’ हे बिरुद यांचा संबंध मिराशींनी वैनगंगेच्या खोऱ्याशी जोडला होता. त्यामुळे या मताला बळ मिळते. परंतु कृष्णेलाही कृष्णवेणा म्हणत आणि कृष्णेचे खोरे तर हिऱ्यांसाठी जगप्रसिद्ध. विदर्भाभिमानाच्या भरात ही दुसरी शक्यता विसरली जाऊ नये.

‘आईन-ए-अकबरी’तील एक वाक्य

वैरागडच्या खाणीविषयीचा सर्वांत महत्त्वाचा आणि निःसंदिग्ध उल्लेख अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या या ग्रंथात वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात चांद्याच्या गोंड राजाचा उल्लेख येतो. त्याचे नाव बाबजी, म्हणजे बाबाजी बल्लाळशाह. त्याच्यापाशी एक हजार स्वार आणि चाळीस हजार पायदळ असल्याचे सांगितले आहे. बैरागड त्याच्या ताब्यात असून ते त्याने थोड्याच काळापूर्वी दुसऱ्या नायकाकडून घेतले, तेथे हिऱ्याची खाण आहे आणि नक्षीदार कापड व इतर वस्त्रे विणली जातात, अशी माहिती पुढे येते. हेन्री जॅरेट यांचे या भागाचे इंग्रजी भाषांतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढील लेखकांनी प्रामुख्याने त्याचाच आधार घेतला.

या मजकुराच्या रचनेकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही. वैरागडच्या दोन वस्तू एकाच दमात सांगितल्या आहेत. कापड तेथे ‘विणले जाते’, तर हिऱ्याची खाण तेथे ‘आहे’. कापडाला क्रियापद मिळाले आहे आणि क्रियापद आले की करणाराही येतो, मग त्याचे नाव सांगितलेले नसले तरी. हिरा मात्र जणू जमिनीचाच गुण आहे, जसा एखाद्या प्रदेशाचा पाऊस किंवा जंगल. हा केवळ भाषेचा अपघात नाही. आईन हा मूलतः साम्राज्याच्या उत्पन्नाचा आणि सामर्थ्याचा ताळेबंद आहे. कापडावर कर बसतो तो मागावर आणि बाजारात, म्हणून विणकर दिसतो. खाणीवर हक्क असतो तो राजाचा, म्हणून राजा दिसतो. खणणाऱ्याची नोंद ठेवण्याचे कारण लेखकाला नव्हते.

हीच दृष्टी पुढील तीन शतकांच्या नोंदींत कायम राहिली. १७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि शंभर वर्षांनी इंग्रजांकडे. मेजर ल्यूसी स्मिथ यांचा १८६९ चा जमीनमहसूल बंदोबस्ताचा अहवाल, चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेले मध्य प्रांतांचे १८७० चे गॅझेटियर आणि विसाव्या शतकाच्या आरंभीचे जिल्हा गॅझेटियर या लेखनाने चंद्रपूरच्या इतिहासाचा पाया घातला. माना नायकांच्या व गोंड राजांच्या परंपरा त्यांतूनच आज सर्वत्र पसरल्या आहेत. त्या लेखकांचे श्रम कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्यांचीही विभागणी ठरलेली होती. खनिजे एका शीर्षकाखाली, हातउद्योग दुसऱ्या. वैरागडचा हिरा खनिजांत गेला आणि खाण तोपर्यंत बंद पडलेली असल्यामुळे एका भूतकाळी वाक्यात आटोपला. कोसा आणि विणकरी हातउद्योगांत गेली आणि जिवंत असल्यामुळे सविस्तर लिहिली गेली. आरमोरी-नागभीड भागात कोशाचे कापड आजही विणले जाते, कोसा पाळणारे ढिवर कुटुंबांतील लोक आणि विणणारे कोष्टी अभ्यासकांना नावाजातीसह माहीत आहेत. अबुल फजलने एका दमात सांगितलेल्या दोन उद्योगांपैकी एकाचे कारागीर असे आजवर ओळखीचे राहिले आणि दुसऱ्याचे पूर्णतः पुसले गेले.

अचलपूरचा बाजार आणि गोव्यात छापलेला ग्रंथ

आईनच्या आधी तीस वर्षे, १५६३ मध्ये गोव्यात एक पोर्तुगीज ग्रंथ छापला गेला. गार्सिया द ऑर्ता या वैद्याचे औषधी व द्रव्यांविषयीचे हे संवाद. त्यात हिऱ्यावर स्वतंत्र संवाद आहे. विजयनगरच्या खाणींखेरीज दख्खनमध्ये इमादशाहाच्या मुलखाजवळ एक खाण असल्याचे ऑर्ता सांगतो. तेथील हिरे चांगले असतात, ते लिस्पोर नावाच्या शहराच्या मोठ्या बाजारात विकले जातात आणि गुजराती व्यापारी ते घेऊन विजयनगराकडे जातात, असे त्याचे निवेदन आहे. इमादशाही वऱ्हाडची, राजधानी एलिचपूर. लिस्पोर म्हणजे एलिचपूर, आजचे अचलपूर, अशी ओळख अभ्यासकांनी पटविली आहे. वऱ्हाडच्या सीमेलगतची हिऱ्याची खाण म्हणजे वैरागडच असावी हा तर्क त्यानंतर अपरिहार्य होतो. तो तर्कच आहे हे मात्र विसरता कामा नये, कारण ऑर्ताने खाणीचे नाव दिलेले नाही.

वैरागडच्या चर्चेत हा उतारा एरवी केवळ मार्गाचा पुरावा म्हणून पाहिला जाईल. त्याचे खरे महत्त्व दुसरीकडे आहे. या बाजारपेठेत माल कोणत्या स्वरूपात विकला जात होता, हे ऑर्ताच्याच संवादातून कळते. निसर्गतःच टोकदार आणि चकचकीत मिळालेल्या हिऱ्याला तो वेगळे नाव देतो आणि सांगतो की येथील वाणी व कानडी लोक असा अस्पर्श हिरा माणसाने घासलेल्या हिऱ्यापेक्षा श्रेष्ठ मानतात. पोर्तुगीजांची आवड मात्र याच्या नेमकी उलट. म्हणजे सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथील खरेदीदाराला पैलू पाडलेला हिरा नकोच होता. ज्या मालाला हात न लावण्यासाठी अधिक दाम मिळतो, त्या मालाच्या खाणीजवळ पैलू पाडणाऱ्यांची वस्ती शोधणे व्यर्थ आहे.

पैलू : गुण की डाग?

ऑर्ताने नोंदविलेली ही आवड बाजारातली क्षणिक लहर नव्हती. तिच्यामागे रत्नशास्त्राची दीर्घ परंपरा होती. बुद्धभट्टाची रत्नपरीक्षा, अगस्तिमत आणि गरुडपुराणातील रत्नाध्याय यांत उत्तम हिऱ्याचे वर्णन सहा कोटी, आठ पार्श्वे आणि बारा धारा असे येते. लुई फिनो या फ्रेंच पंडिताने १८९६ मध्ये यांतील प्रमुख ग्रंथ संपादित केले. सहा टोके, आठ पृष्ठे, बारा कडा. भूमितीच्या पुस्तकातील अष्टफलकाचे हे तंतोतंत वर्णन आहे. हिऱ्याचा स्फटिक निसर्गात बहुधा याच आकारात घडतो. म्हणजे रत्नशास्त्रकारांनी कल्पनेतला आदर्श रचलेला नाही. खाणीतून येणारा सर्वांत निर्दोष खडा समोर ठेवून त्याची मोजदाद केली आहे. अगस्तिमताच्या परंपरेत तर पात्याने कापलेला किंवा घासून झिजविलेला हिरा निरुपयोगी होतो, त्याचे शुभ गुण नाहीसे होतात, असे स्पष्ट बजावले आहे.

रत्नशास्त्राचा गौरव करताना त्यातील चुकाही सांगणे प्राप्त आहे. उत्तम हिरा पाण्यावर तरंगतो असे वराहमिहिर म्हणतो. हिऱ्याची घनता पाण्याच्या साडेतीनपट असल्यामुळे ते शक्य नाही. कौटिल्य हिरा जड आणि प्रहार सोसणारा असावा म्हणतो, त्यातील पहिला भाग बरोबर आहे, दुसरा नाही. ऐरणीवर ठेवून घणाचा घाव घालावा, खरा असेल तो टिकेल, ही कल्पना संतवाङ्मयातून मराठी मनात खोल रुजली आहे. उपमा म्हणून ती सुंदर आहे. प्रत्यक्षात हिरा ओरखड्याला अजिंक्य असला तरी ठराविक चार दिशांनी तो सहज दुभंगतो. या कसोटीवर किती अस्सल हिरे गारगोटी ठरून मातीत गेले असतील कोण जाणे!

घासण्याची विद्या भारताला ठाऊकच नव्हती असा याचा अर्थ नाही. शाण हा शब्द संस्कृतात जुना आहे आणि मराठीतील साण व सहाण त्याचीच रूपे आहेत. माणिक, नीलम, अकीक ही रत्ने घासली जातच. प्रश्न हिऱ्याचा आहे, कारण हिरा हिऱ्याच्याच भुकटीने झिजतो. सतराव्या शतकात ही विद्या दख्खनच्या दक्षिण भागात चांगली रुळलेली दिसते. १६३० ते १६६८ या काळात सहा सफरी करणारा फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हर्निये याने रावलकोंडा येथील काम बारकाईने पाहून लिहून ठेवले. कारागिरापाशी ताटलीएवढी पोलादी चकती असते. तिच्यावर एक खडा दाबून सतत पाणी सोडतात आणि ‘खड्याची वाट’ सापडली की पाण्याऐवजी तेल आणि हिऱ्याची भुकटी वापरतात. खड्यावर शिशाचे वजन लादून तो दाबून धरतात. खड्याची वाट हा शब्द किती अचूक आहे! हिऱ्याची कठिणता सर्व दिशांनी सारखी नसते, एका दिशेने तो झिजतो आणि दुसऱ्या दिशेने चकतीच झिजवितो, हे स्फटिकशास्त्राने पुढे सिद्ध केलेले सत्य त्या कारागिरांच्या बोटांना माहीत होते.

त्याच वर्णनात ताव्हर्निये एक निरीक्षण नोंदवितो आणि प्रस्तुत विषयात ते कळीचे आहे. खडा स्वच्छ असेल तर हे कारागीर त्याला वरून आणि खालून जेमतेम चकतीचा स्पर्श करतात, वजन घटेल या भीतीने आकार देण्याच्या फंदात पडत नाहीत. खड्यात भेग, ठिपका किंवा काळी-तांबडी कणी असेल तर मात्र सबंध खडा बारीक पैलूंनी मढवितात, म्हणजे दोष दिसू नये. येथे पैलू ही दुरुस्ती आहे, डाग झाकण्याची युक्ती आहे. अनेक पैलूंचा हिरा दिसला की जाणकार खरेदीदाराने आत काय लपविले आहे ते पाहावे, असा तो संकेत होता.

मराठीत आज नेमके उलट आहे. पैलू पाडणे म्हणजे संस्कार करणे, गुण उजळणे. अष्टपैलू म्हणजे सर्वगुणसंपन्न. मुळात ‘पैलू’ हा फारसी ‘पहलू’पासून, म्हणजे ‘बाजू’ या अर्थाच्या शब्दापासून आलेला आहे. युरोपात सतराव्या शतकापासून विकसित होत गेलेल्या, प्रकाश परावर्तित करणाऱ्या घडणीने जगाची अभिरुची बदलली आणि आपल्या भाषेतील उपमाही तिच्यामागोमाग गेल्या. त्या संधिकालातील एक प्रसंग ताव्हर्नियेनेच सांगितला आहे. मीर जुमल्याने शाहजहानला नजर केलेला प्रचंड हिरा ओर्तेन्सिओ बोर्जिओ या व्हेनिसच्या कारागिराकडे घासावयास दिला गेला. मूळ वजन त्याच्या म्हणण्याप्रमाणे ७८७ कॅरटहून अधिक. घासून उरले सुमारे २८०. बक्षिसाऐवजी बोर्जिओला दहा हजार रुपये दंड झाला. दंड करणाऱ्या दरबाराला रत्नाची कदर नव्हती असे म्हणता येणार नाही. त्याच्या लेखी नाहीशा झालेल्या पाचशे कॅरटचे मोल उरलेल्या झळाळीपेक्षा अधिक होते, एवढेच.

या पार्श्वभूमीवर वैरागडमध्ये हिरे घासण्याचा उद्योग होता असे दाखविणारी ओळ जुन्या नोंदींत सापडत नाही, ही उणीव राहत नाही. ताव्हर्निये ज्या खाणी वर्णितो त्यांत वैरागड नाहीच. रावलकोंड्याचे चित्र उचलून सतनाल्याच्या काठी ठेवण्याचा मोह म्हणूनच आवरला पाहिजे.

हात कोणाचे होते?

मग वैरागडच्या कारागिराचे काम काय होते? एकोणिसाव्या शतकातील निरीक्षकांनी येथील हिरे जांभ्यासारख्या तांबड्या, रेताड थरांतून काढले जात असे लिहिले आणि जुने खड्डे पाहिल्याचे नोंदविले. अशा थरात हिऱ्याबरोबर असतात ते स्फटिकाचे आणि गारगोटीचे असंख्य गोटे. खणणे हे त्यांतले सर्वांत सोपे काम. माती पाण्यात कालवून वाहू द्यावयाची, जड गाळ मागे ठेवावयाचा, तो पसरून वाळवावयाचा आणि उन्हाच्या योग्य तिरिपेत हाताने एकेक खडा वेचावयाचा, ही उथळ खाणींची सर्वत्र आढळणारी पद्धत. मध्य प्रदेशातील पन्ना येथे लहान पट्टेदार आजही बव्हंशी याच रीतीने हिरा शोधतात. घासलेल्या हिऱ्याची लखलख कच्च्या खड्यात नसते. त्याची चमक तेलकट, किंचित धुरकट असते. शेकडो गारगोट्यांतून असा एक खडा डोळ्याने टिपणे हे शिकून येणारे आणि पिढ्यांनी सांभाळलेले कसब आहे. ‘हिरा तो हिरा, गारगोटी ती गारगोटी’ हे म्हणणे सोपे, पण ओल्या गाळात त्या दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात.

हे कसब कोणाकडे होते, याचे उत्तर वैरागडच्या नोंदींत नाही, परंतु शेजारच्या प्रदेशात त्याचा माग लागतो. १७६६ मध्ये क्लाइव्हने टॉमस मॉट या व्यापाऱ्याला हिऱ्यांच्या शोधात संबळपूरला पाठविले होते. महानदीतील हिराकूड येथे हिरे धुण्याचे काम झारा नावाचे लोक करीत, असे त्या भागाच्या नोंदी सांगतात. भूगर्भ सर्वेक्षणातील व्हॅलेंटाइन बॉल याने एकोणिसाव्या शतकात या लोकांच्या पद्धतीचा अभ्यास केला. लाकडी फळ्यांवर रेती पसरून स्त्री-पुरुष मिळून हे काम करीत. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात मध्य प्रांतातील सोनझारा जातीचे वर्णन आहे. नदीची वाळू धुऊन सोने काढणे आणि सोनारांच्या दुकानातील केर चाळणे हा तिचा व्यवसाय. वैनगंगेच्या खोऱ्यात सोनझारींची वस्ती आहे. वैरागडचे हिरे त्यांनीच वेचले असे म्हणण्यास आधार नाही. माना, गोंड किंवा आणखी कोणी ते काम केले असेल. तथापि रेती धुऊन मौल्यवान कण निवडण्याची विद्या या जंगलपट्टीत बाहेरून आणावी लागत नव्हती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. बॉलने ताव्हर्नियेच्या प्रवासवर्णनाचे इंग्रजी भाषांतर (१८८९) करताना भारतातील जुन्या खाणींची जी यादी जोडली, तीत वैरागड आहे. हिरे धुणाऱ्यांकडे आवर्जून पाहणारा हा एक लेखक, पण तो वैरागडकडे वळला तेव्हा खाण बंद होती आणि पाहण्यास माणसे नव्हती.

एक आणखी शक्यता चर्चेत यावयास हवी. अलंकारात न बसणाऱ्या बारीक, डागी हिऱ्यांचे पुढे काय होत असे? कालिदास रघुवंशाच्या आरंभी वज्राने भोक पाडलेल्या मण्यातून सहज जाणाऱ्या दोऱ्याची उपमा देतो. म्हणजे गुप्त-वाकाटक काळात हिरा हे मणी पाडण्याचे हत्यार म्हणून सर्वपरिचित होते. खंबायतचे मणिकार आजही टोकाला हिऱ्याच्या दोन कण्या बसविलेल्या सामत्याने अकीक भेदतात. विदर्भात मणी घडविण्याची परंपरा फार जुनी आहे. नागपूरजवळील माहुरझरी येथे १९७० ते १९७२ मध्ये शां. भा. देव यांनी केलेल्या उत्खननात महापाषाणयुगीन दफनांतून अकीक आणि कार्नेलियनचे मणी निघाले, त्यांत पांढरी नक्षी उमटविलेलेही होते. पुढील काळात माहुरझरी हे मणी तयार करण्याचे मोठे केंद्र असल्याचे पुरावे मिळाले. वैनगंगेच्या खोऱ्यातील हिऱ्याच्या कण्या या मणिकारांच्या हत्यारांपर्यंत पोहोचत होत्या काय, हे मण्यांच्या छिद्रांच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीतून काही अंशी ठरविता येईल, कारण दगडी टोकाने आणि हिऱ्याच्या टोकाने पाडलेल्या छिद्रांच्या भिंतींवरील ओरखडे वेगळे असतात. तसे आढळल्यास ‘हिऱ्याचे मोल’ या कल्पनेचाच फेरविचार करावा लागेल. राजाच्या मुकुटात गेलेल्या एका खड्यामागे मणिकाराच्या सामत्यात झिजून गेलेल्या शेकडो कण्या उभ्या राहतील.

हिऱ्यांचा मूळ स्रोत कोठे आहे, हा भूशास्त्राचा प्रश्न येथे बाजूला ठेवला आहे. गडचिरोलीचा खडक ज्या प्राचीन बस्तर भूखंडाचा भाग आहे, त्याच्याच पूर्व बाजूला छत्तीसगडमधील मैनपूर परिसरात हिरेयुक्त किंबरलाइट खडक सापडले आहेत, एवढे येथे पुरे. नव्या खनिजशोधाची चर्चा या जिल्ह्यात सहसा लोहखनिजाभोवती फिरते. हिऱ्यांचा विषय निघाला तरी तो पुन्हा ‘खाण आहे की नाही’ याच प्रश्नावर थांबतो, म्हणजे अबुल फजलच्याच वाक्यावर.

वैरागडच्या परिसरातील जुन्या खड्ड्यांचे मोजमाप करताना केवळ खड्डे मोजून भागणार नाही. धुण्याचे काम पाण्याशिवाय होत नाही. त्यामुळे खड्ड्यांपासून सतनाल्याच्या आणि खोब्रागडीच्या काठापर्यंत माल वाहून नेण्याच्या वाटा, धुण्यासाठी बांधलेली कुंडे आणि त्यांच्याकडेला निवडून टाकलेल्या गोट्यांचे ढीग शोधावे लागतील. निवडून टाकलेला ढीग नैसर्गिक थरापेक्षा वेगळा ओळखू येतो, कारण त्यातील माती धुतली गेलेली असते आणि गोटे आकारानुसार सारखे लावलेले असतात. वैरागडच्या कारागिराचे कारखान्याचे ठिकाण असेल तर ते किल्ल्याच्या आत नव्हे, या टाकाऊ गारगोट्यांच्या ढिगांपाशी असेल.